मात्राक थांबेपर्यंत

त्या गुड फ्रायडेला दुपारी साडेबाराच्या सुमारास मी येशूच्या खांद्याला खोबरेल तेल लावत होतो.

"वायच जास्त घाल," खाली शिडी धरून उभा असलेला बेनित म्हणाला. "गेल्या वर्षी हात खाली येताना इतको किरकिरलो, माझी आवस दचाकली."

"गेल्या वर्षी तेल मीच घातल्लंय," मी वरून म्हणालो. "किरकिरलो तो आल्वारबाबाचो गुडघो."

बेनित फसकन हसला आणि लगेच त्याने ओठ आत ओढून घेतले. गुड फ्रायडेला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, हसत नाहीत. मीही हसलो नाही, कारण मी मिरणी होतो. मिरणी म्हणजे इगर्ज झाडणारा, मेणबत्त्या लावणारा, वेदीवरच्या चादरी बदलणारा आणि घंटा वाजवणारा. माझा बाप मिरणी, आजा मिरणी. पाद्री येतात आणि बदलून जातात, मिरणी चुन्यासारखा भिंतीलाच चिकटून राहतो.

आमचा ख्रिस्त लाकडाचा, पुरुषभर उंचीचा. त्याच्या दोन्ही खांद्यांत पितळी बिजागऱ्या आहेत. वर्षभर तो बाजूच्या वेदीखाली काचेच्या पेटीत निजलेला असतो. गुड फ्रायडेला त्याला मुख्य वेदीपुढे मोठ्या खुरसावर खिळवतात, आणि संध्याकाळी भरल्या इगर्जीत एक माणूस शिडी चढून त्याच्या हातापायांतले खिळे उपटतो. खिळे खरे, वीतभर लांबीचे. खिळा निघाला की हात आपल्या वजनाने हळूहळू खाली येतो. त्या वेळी बायका रडतात, आणि ज्या पुरुषांनी वर्षभरात कुणासाठी डोळे ओले केलेले नसतात तेही खाली बघतात. याला आम्ही उतरवणी म्हणतो.

खिळे उपटण्याचा मान कुतिन्होंच्या घराचा. किती वर्षांचा ते कुणालाच ठाऊक नाही, पण इगर्जीच्या जमिनीत, वेदीच्या अगदी समोर, कुतिन्होंच्या पाच पिढ्यांच्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. प्रसादाला जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यावरून चालत जातो. "आमचे मेलेले पण तुमच्या वाटेत आडवे आसत," असे आल्वार कुतिन्हो गमतीने म्हणायचा. ती गंमत फक्त त्यालाच यायची.

मग त्या गुड फ्रायडेच्या दोन वर्षे आधी आमच्या इगर्जीचे काथेड्रल झाले. म्हणजे झाले काय, तर बिशप राहायला आले, त्यांच्यासाठी कोरीव सागवानी खुर्ची आली, आणि ती वेदीच्या डाव्या हाताला तीन पायऱ्यांवर बसवली. बाकी सगळे होते तसेच होते. दोन हात जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या खिडक्या; त्यांतून भर दुपारीसुद्धा ताकाच्या रंगाचा उजेड येतो. प्रवचनाचा लाकडी मंच, आणि तो डोक्यावर पेलून धरणारी उघड्या छातीची मत्स्यकन्या. तिच्याकडे बघितले म्हणून लहानपणी आम्ही प्रत्येकाने एकदा तरी आईची चापट खाल्ली आहे. छताला नवा चुना होता, तो बेनितने लावलेला. बेनित मेंडिस गवंडी होता. त्याचा बाप आणि आजाही याच भिंतींना चुना लावत आले होते.

नव्या बिशपनी त्या वर्षी जाहीर केले की उतरवणीचा मान कुणा एका घराचा नाही. सगळ्या कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकू, जी निघेल ती देवाची इच्छा. गुड फ्रायडेआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्यांनी सर्वांसमोर डब्यात हात घातला आणि चिठ्ठी निघाली बेनित मेंडिसची.  आल्वारबाब उठला, गुडघा टेकला, खुरसाची खूण केली आणि निघून गेला. त्याचा धाकटा भाऊ रुझार मात्र दारात थांबून बेनितकडे बघत राहिला.

तर तो बेनित आता सराव करायला आला होता. पुढचे दार आम्ही सकाळीच आतून अडसर घालून बंद केले होते. तो अडसर फणसाचा, दोन माणसे लागतात उचलायला. तयारी लोकांनी बघायची नसते, तसा रिवाज आहे.

मी खाली उतरलो, बेनित वर चढला.

"इस्पेरांसक कितवो चलता?" त्याने वरून विचारले. इस्पेरांस माझी बायको.

"आठवो सरत इलो."

"आवस म्हणता, चेडू होतला." चेडू म्हणजे मुलगी. बेनितची आई पेदादमाय गावची सुईण. गावातल्या अर्ध्या लोकांची नाळ तिने कापली होती, माझीसुद्धा. तिचे घर इगर्जीच्या पुढच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, पन्नास पावलांवर. "चेडू झाला तर माका बारशाक बोलव."

"आधी खिळो काढ," मी म्हणालो.

त्याने उजव्या हाताचा खिळा काढला. बिजागरी आवाज न करता फिरली आणि तो लाकडी हात इतका हळू खाली आला की मला खरोखर बरे वाटले. बेनित त्या हाताकडे बघत राहिला.

"आजान चुनो लावलो, बापाशीन लावलो," तो म्हणाला. "देवाक हात लावूक आमका कोण दिना नाय होतो, इनास."

तेवढ्यात बाजूचे दार उघडले. आल्वारबाब आणि रुझार आत आले. दोघांच्या अंगावर इगर्जीच्या मानकरी मंडळाचे तांबडे झगे होते आणि रुझारच्या हातात मंडळाचा दांडा, माणसाच्या डोक्यापर्यंत उंच, वर रुप्याचा खुरीस. रुझारने दार लावले, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

"बेनित, खाली उतर," आल्वारबाब म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"उतरतंय, आल्वारबाब. दुसरो खिळो काढून बघतंय आणि उतरतंय."

"सांजेक तू आजारी पडतलंस. बिशपाक तसा कळवतलंस. मग मी चडतलंय."

"माका काय झाला आजारी पडाक?"

"चुनो लावणाऱ्यान भिंतीक हात लावचो. देवाक नाय."

बेनितने खाली बघितले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडे हसूच होते. "भिंत पण देवाचीच मा?" तो म्हणाला.

रुझारने शिडीला लाथ घातली.

मी शिडी धरलेली होती, पण ती माझ्या हातांतून निसटून फरशीवर सरकली. बेनितने पडता पडता जे हाताला लागले ते धरले. तो येशूचा मोकळा हात होता. बिजागरी क्षणभर टिकली. मग लाकूड फाटल्याचा आवाज झाला आणि तो हात खांद्यातून उपटून बेनितसकट खाली आला. बेनित कुतिन्होंच्या आजाच्या शिळेवर पडला, कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज लाकडाच्या आवाजाहून वेगळा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

 मग आल्वारबाब वाकला आणि त्याने फरशीवरचा लाकडी हात उचलून छातीशी धरला.

"देवाचो हात मोडलो," तो म्हणाला. "ह्येणा देवाचो हात मोडलो."

माझी खात्री आहे, ते दोघे धमकी द्यायलाच आले होते. मारायला आले असते तर झगे घालून आले नसते. पण त्यांना लाकडाचा हात दिसला आणि बेनितचा उलटा वळलेला हात दिसला नाही. रुझारने दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि पहिला घाव बेनितच्या पाठीत घातला. दुसरा बरगड्यांवर. तिसऱ्या वेळी रुप्याचा खुरीस खाली आला.

मी आल्वारबाबाच्या पाया पडलो, मग त्याला कमरेला धरून हलवू लागलो. "तेका आवर, बाबा, तो मारून टाकीत." आल्वारबाब त्या हाताकडेच बघत होता. मग मी रुझारच्या अंगावर धावलो. दांड्याचे दुसरे टोक माझ्या तोंडावर बसले आणि पुढचे दोन दात जिभेवर आले. मी ते थुंकले. बेनित शिळेवर कुशीला वळून डोके हातांत लपवायचा प्रयत्न करत होता. एकच हात वर येत होता.

मी पळालो. मदत आणायला पळालो असे मी नंतर सगळ्यांना सांगितले, पण तेव्हा माझ्या पायांना तसे काही ठाऊक नव्हते. बाजूच्या दाराची किल्ली रुझारच्या खिशात. पुढच्या दाराचा अडसर एकट्याने हलला नाही. रुझार माझ्यामागे येत होता, झगा फरशीवर घासत होता. पुढच्या दाराशेजारी बुरुजाचे छोटे दार आहे, वाकून जावे लागते. मी आत शिरलो आणि कडी घातली. बाहेरून दांड्याचे चार-पाच तडाखे बसले, मग तो परत फिरला. परत फिरला म्हणजे कुणाकडे, ते मला समजत होते.

चोपन्न पायऱ्या आहेत. एका वेळी एकच माणूस चढू शकेल इतकी अरुंद वाट, शंखासारखी फिरत वर जाते. मध्ये एक लहान झरोका आहे, तो इगर्जीत उघडतो. मी तिथे थांबलो नाही, पण आवाज ऐकू आला. कापूस पिंजावा तसा तो एकसारखा आवाज होता, आणि मध्ये बेनित म्हणत होता, "आवशी गे, आवशी गे."

वर पोचलो. एका बाजूला घंटा आणि दुसऱ्या बाजूला मात्राक.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी घंटा शेवटची वाजते, आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत तिने तोंड उघडायचे नसते. देव मेलेला असतो. घंटेच्या लोलकाला मी स्वतः जांभळे फडके गुंडाळून गाठ मारली होती. त्या दोन दिवसांत घंटेचे काम मात्राक करते. मात्राक म्हणजे फणसाची जाड फळी आणि तिच्यावर बसवलेले दोन लाकडी हातोडे. दांडा हलवला की ते आळीपाळीने आपटतात. कोरडा, हाडांसारखा आवाज, पण मैलभर जातो.

आणि आमच्या गावचा रिवाज असा, की गुड फ्रायडेला दुपारी तीनला, येशूने प्राण सोडला त्या घटकेला, मात्राक वाजू लागली की माणूस असेल तिथे गुडघे टेकतो, आणि ती थांबेपर्यंत बोलत नाही, उठत नाही. थांबेपर्यंत. माझ्या बापाला एकदा तपकिरीची तार लागली आणि तो थांबायचेच विसरला, तेव्हा अख्खे गाव पाव तास उन्हात गुडघ्यांवर होते. गाबतीण हौसाबाई ख्रिस्ती नव्हे, पण मान म्हणून तीही हात जोडून उभी राहिली आणि तिच्या टोपलीतले बांगडे मांजरांनी तिच्या डोळ्यांदेखत नेले. ती गोष्ट आम्ही कितीतरी वर्षे सांगून हसत होतो.

दुसरी एक गोष्ट माझा आजा सांगायचा, तिला कुणी हसत नसे. देव मेलेला असताना घंटा वाजवली तर ती ऐकून भलताच कोणीतरी येतो. आणि आला की रिकाम्या हाताने जात नाही. मिरण्याच्या घरातले जे सर्वांत धाकटे, ते घेऊन जातो.

मी जांभळ्या फडक्याच्या गाठीला हात घातला. घातला आणि काढून घेतला.

मग मी मात्राक वाजवली.

मी ती जशी वाजवली तशी माझ्या सात पिढ्यांत कुणी वाजवली नसेल. तोंडातले रक्त फळीवर उडत होते. आणि बुरुजावरून मला माझे गाव दिसत होते. तिठ्यावर दोन माणसे ओंडका घेऊन चालली होती; त्यांनी तो खाली ठेवला आणि गुडघे टेकले. विहिरीवरच्या बायकांनी कळशा ठेवल्या, पदर डोक्यावर घेतले, गुडघे टेकले. सायकलवरचा माणूस उतरला. चौकीतला रावराणे हवालदार बाहेर आला, इगर्जीच्या फाटकापासून वीस पावलांवर, टोपी काढून काखेत धरली आणि मान खाली घालून उभा राहिला. तीन वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण मात्राक वाजली म्हणजे तीन वाजले. गुड फ्रायडेला घड्याळ कोण बघतो.

आणि रस्त्यापलीकडे पेदादमाय आपल्या दारात होती. तिच्या मांडीवर सूप होते. तिने ते बाजूला ठेवले, गुडघ्यांवर आली आणि इगर्जीच्या दाराकडे तोंड करून डोळे मिटले.

मी ओरडलो. मात्राक वाजत असताना मिरण्याचे ओरडणे कुणाला ऐकू येणार? आणि मात्राक थांबवून ओरडायचे मला सुचले नाही, कारण थांबलो तर आपण काहीच करत नाही असे होईल, अशी भीती वाटत होती. मी जोर वाढवला. खाली माणसांच्या माना आणखी खाली गेल्या.

हे किती वेळ चालले? हात भरून आले म्हणून मी बदलले. पुन्हा भरून आले. शेवटी दांडा निसटला आणि त्या क्षणभराच्या शांततेत मला खाली पुढच्या दारावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी पायऱ्या उतरून झरोक्यापर्यंत गेलो.

आल्वारबाब बिशपच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर लाकडी हात. रुझार मंचाच्या मत्स्यकन्येला टेकून धापा टाकत होता. त्याचा झगा तांबडाच, त्यामुळे काही दिसत नव्हते, पण दांडा दिसत होता. आणि वेदीपासून पुढच्या दारापर्यंत, सगळ्या शिळांवरून, ओल्या फडक्याने पुसल्यासारखा एक पट्टा आला होता. त्याच्या टोकाला बेनित होता. तो सरपटत इथवर आला होता आणि चांगल्या हाताने अडसर ढकलत होता. दाराच्या फटीतून रस्ता दिसतो. इतका वेळ त्याला आपली आई दिसत आली असणार, गुडघ्यांवर बसलेली, त्याच्याकडेच तोंड केलेली.

मी वर धावलो, दातांनी गाठ सोडली, उरलेले फडके फाडले आणि घंटा वाजवली.

मात्राक थांबली तसे उठून धूळ झटकत असलेले गाव उसळले. असे उसळले की मला वरून भीती वाटली. ओंडकेवाले, सायकलवाला, विहिरीवरच्या बायका, सगळे इगर्जीकडे धावले, पण बेनितसाठी नव्हे. मिरण्याला चांगला तुडवायचा म्हणून. "मिरण्याक याड लागला," कोणीतरी ओरडत होते. बाजूचे दार त्यांनी खांद्यांनी पाडले. मी कडी काढून बाहेर आलो तर पहिली थप्पड सायकलवाल्याने मारली, दुसरी कोणी मारली ते बघता आले नाही. मला लाथा घालत असतानाच कोणाचा तरी पाय घसरला, त्याने खाली बघितले, आणि मग सगळे थांबले.

पुढचे दार बराच वेळ उघडता आले नाही. बेनित त्याला टेकून होता.

तो दुपारी चारला गेला, गाडी दोन तास लांबच्या दवाखान्याच्या फाटकात शिरता शिरता. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेले. पाव तास आधी आणला असता तर मी काहीतरी केले असते. रावराणे हवालदाराने माझा जबाब घेतला. त्याने विचारले, "बुरजार गेल्यार काय केलंस?" मी म्हणालो, "गेल्या गेल्या घंटा वाजवलंय." त्याने लिहून घेतले. तो स्वतः वीस पावलांवर टोपी काढून उभा होता, पण त्याला मात्राकेचा आणि या खुनाचा काही संबंध लागला नाही. कुणालाच लागला नाही. मात्राक त्यांच्या मते तीनची होती आणि घंटा माझी.

ईस्टरच्या रविवारी बिशपनी प्रवचनात माझे नाव घेतले. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ज्याने रिवाज मोडला त्याला पाप नाही, म्हणाले. लोकांनी माझ्याकडे वळून बघितले. ज्या सायकलवाल्याने मला मारले होते, तो माझ्याशी हात मिळवून रडला. मी फुटक्या तोंडाने उभा होतो आणि मला धरणी पोटात घेईल तर बरे असे वाटत होते. तिने घेतले नाही. आमच्या इगर्जीत धरणीवर आधीच कुतिन्होंच्या शिळा आहेत.

पुढे खटला झाला, दोघांना जन्मठेप झाली, आल्वारबाब तुरुंगातच वारला. आज या सगळ्याला एक्केचाळीस वर्षे झाली. पण माझ्यापुरती ही गोष्ट खटल्याच्या कितीतरी आधीच संपली. तेविसाव्या दिवशी सकाळी इस्पेरांसला कळा सुरू झाल्या.

गावात सुईण एकच. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. पेदादमाय काळे लुगडे नेसून सुपातले तांदूळ निवडत होती, त्याच जागी.  तिने माझ्याकडे बघितले, सूप ठेवले, हात धुतले आणि आपली पिशवी घेऊन माझ्यापुढे चालू लागली. वाटेत एकच विचारले, "पाणी गेला?" मी म्हणालो, "गेला."

अकरा वाजता मुलगी झाली. इस्पेरांसला झोप लागली. पेदादमाय मागच्या पडवीत पाटावर पाय पसरून बसली, पायांवर त्या एवढ्याशा जिवाला घेतले आणि कोमट पाणी घालू लागली. मी पाण्याचा तांब्या पुढे करत होतो.

"इनास," ती मान वर न करता म्हणाली. "त्या दिसा मात्राक किती वेळ वाजवलंस?"

"म्हायत नाय, माय."

"माका म्हायत आसा." ती मुलीच्या काखेतला चीक पुसत होती. "तुझो पयलो टोलो पडलो, तेवां मी दारात गुडघे टेकलंय आणि तेर्स सुरू केलंय. पन्नास मणी झाले. लितानी झाली. तरी तू थांबूक नाय. माका वाटला, इनास आज केवढ्या भक्तीन वाजवता."

मी तांब्या धरून उभा होतो. एक अख्खा तेर्स, म्हणजे पन्नास मण्यांची जपमाळ आणि शेवटी लितानीची नामावळी, घाई न करता म्हणायला पाव तास लागतो.

"घंटा थयच होती मा?"

"होती."

"मग?"

तेवीस दिवस मी हवालदाराला, बिशपला, माझ्या बायकोला खोटे सांगितले होते. तिला सांगता आले नाही. "आजो सांगायचो," मी म्हणालो, "त्या दिसा घंटा वाजवली तर मिरण्याच्या घरातला सगळ्यात धाकटा जाता. इस्पेरांसक आठवो होतो."

तिचा हात पाण्यात थांबला. तिने पायांवरच्या मुलीकडे बघितले. बराच वेळ बघितले. मुलीची मान तिच्या डाव्या तळव्यात होती, आणि मी फक्त त्या तळव्याकडे बघत होतो. मला लाज वाटते, पण मी तिथेच बघत होतो.

"म्हणजे ह्या चेडवासाठी," ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिने उरलेले पाणी हळूहळू, दोन्ही खांद्यांवरून घातले. अंग टिपले, डोके दोनदा टिपले, दुपट्याची घडी घातली आणि मुलीला माझ्या हातांत दिले.

"मान धर," ती म्हणाली. "अशी नाय. खालसून धर, पडात ता."

मी खालून धरली. पेदादमायने पाय पुसले, पिशवी उचलली आणि निघाली. सुईणीसाठी उंबऱ्यावर सुपात तांदूळ, नारळ आणि कोरे लुगडे काढून ठेवले होते. ते ओलांडून ती गेली.